दुसरा कॅचर

अठरा शर्टांची ऑर्डर आली कोल्हापूरहून.
पांढरं कापड, निळी पट्टी, पाठीवर नंबर.
बेसबॉलचा संघ आहे म्हणाला मालक,
कसला का बॉल असेना, गुरुवारी माल गेला पाहिजे.
मी कात्री खाली ठेवली.

ह्याच संघानं तुला बोलावलं होतं, गोवर्धन.
पगार, राहायला खोली,
वर्षाला दोन जोड बूट.

सत्त्याण्णव साल. होम मैदानावर
गड्ड्यातले पाळणे अजून उतरत होते.
खिळे वेचून आपण जागा केली, बेस म्हणून
मिलनं नाकारलेले टॉवेल घडी करून टाकले.
तुझा डावा हात मागं जायचा
अप्पांच्या मागावर धोटा जायचा तसा,
आणि बॉल?
बॉल मी कधी पाहिलाच नाही.
ग्लोव्हात ऐकला फक्त.

तू गेला असतास तर.

सांगोल्यावरून जाणारी एसटी. खिडकीत तू,
मांडीवर कडक भाकरीचं फडकं.
पहिलं वर्ष बाकावरच.
गोवर्धन कुणी म्हणत नाही तिथं,
ए सोलापूर, चादर आणलीस का, म्हणतात.
तांबड्या रश्शाला तू नावं ठेवतोस,
शेंगाचटणी घेतोस वर.
दुसऱ्या वर्षी त्यांचा मोठा पिचर आजारी पडतो
(मीच पाडतो त्याला, साधा ताप, जास्त काही नाही)
आणि नागपूरच्या फायनलला
तू नऊ जणांना एकामागून एक परत पाठवतोस.
पेपरात फोटो. तोंड नीट दिसत नाही,
पण हात तुझाच.

इथपर्यंत मी तुला दर वेळी आणतो
आणि इथंच अडतो.
कारण प्लेटमागं कुणीतरी बसलेला असतो.
त्याला मी नाव देत नाही.
चांगला असेल, माझ्याहून चपळ असेल,
गुडघे करकरत नसतील त्याचे.
पण त्याला काय ठाऊक
की वळणारा बॉल टाकायच्या आधी
तू पुटपुटतोस, "रा, रा,"
बॉलला बोलावल्यासारखं, तेलुगूत.
त्याला काय ठाऊक
की पाचव्या इनिंगनंतर तू खोटं बोलतोस,
दुखत नाही म्हणतोस.
तो दोन बोटं दाखवत राहतो, तू टाकत राहतोस,
आणि तिसऱ्या वर्षी तुझा खांदा जातो.

मीच घालवतो तो. माफ कर.
दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलो की
परत शिवून देतो.

खरा खांदा तर इथंच गेला,
अक्कलकोट रोडला, टॉवेलचे गठ्ठे
ट्रकमध्ये फेकता फेकता.
ऐंशी किलोचा गठ्ठा.
त्याला कॅचर नसतो.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
पत्र आलं त्या संध्याकाळी अशोक चौकात
चहाचा ग्लास फिरवत तू विचारलंस,
"काय करू बे, बसू?"
जाऊ नको, असं मी म्हटलं नाही.
एवढंच म्हटलं,
"माझा ग्लोव्ह फाटायलाय.
नवा घ्यावा लागतंय. दोघांत घेऊ."
तू बराच वेळ ग्लासात बघत होतास.
मग खिशातून निम्मे पैसे काढून
टेबलावर ठेवलेस.

परवा तुला ऑर्डरचं सांगितलं.
तू उजव्या हातानं बिडी पेटवत होतास,
अजून सवय झाली नाही त्या हाताला, काडी विझली.
"गळा कसा आहे," विचारलंस, "गोल का व्ही?"
व्ही, म्हटलं.
"मग बरं झालं. व्ही शोभत नाही मला,"
आणि हसलास,
किती खरं, ते मला पकडता आलं नाही.

माल गेला. अठराच्या अठरा, इस्त्री करून.
सव्वा मीटर कापड उरलंय.
मालकाला बोललो नाही.
मापं माझ्याकडं आहेत, तेव्हाची,
त्यात पोटाला चार बोटं सोडली की झालं.
गळा गोल ठेवीन.
नंबर तेवढा तुला विचारायचा राहिला.